अडीच लाखांची गाडी, एका डॉलरला

प्रकरणात आकडे तीनच आहेत. फोर्ड कंपनीच्या लिंकन विभागाने १९५५ साली एक गाडी बनवून घेतली, तिचा खर्च अडीच लाख डॉलर सांगितला जातो. पुढे दहा-अकरा वर्षांच्या आत कंपनीने तीच गाडी एका डॉलरला देऊन टाकली. आणि १९ जानेवारी २०१३ रोजी अमेरिकेतल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात ती ४६ लाख २० हजार डॉलरना गेली. त्या वेळच्या दराने सुमारे २५ कोटी रुपये.

हे आकडे एका ओळीत वाचले की फोर्डवाल्यांची कीव येते. मलाही बरीच वर्षं ही गोष्ट म्हणजे कंपनीच्या खुळेपणाचा नमुना वाटायची. आता तसं वाटत नाही. कोणी, कधी, काय विकलं हे क्रमाने लावून पाहिलं की दोन गोष्टी दिसतात. एक डॉलरचा व्यवहार त्या दिवसाच्या हिशेबाने बरोबर होता. आणि जी गाडी एका डॉलरला गेली, ती त्या रूपात २०१३ साली विकली गेलीच नाही. तोवर त्याच पत्र्याची दुसरीच गाडी झाली होती.

गाडीचं नाव लिंकन फ्यूचुरा.

लिंकनला ती का हवी होती

फोर्डने लिंकन १९२२ मध्ये विकत घेतली ती श्रीमंत गिऱ्हाइकासाठी. पण अमेरिकेत 'पैसेवाल्याची गाडी' म्हटलं की पन्नाशीच्या दशकात तोंडात नाव यायचं कॅडिलॅकचं. १९५५ च्या मॉडेलवर्षात कॅडिलॅकने १ लाख ४० हजारांच्या आसपास गाड्या बनवल्या आणि लिंकनने जेमतेम २७ हजार. हे अंतर नुसत्या यंत्रातलं नव्हतं. त्या वर्षांत अमेरिकन माणूस गाडी घेताना विमान, रॉकेट आणि उद्याचं जग असं सगळंच घेत होता, आणि ते विकण्याचं तंत्र कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सला फार आधी सापडलं होतं. हार्ली अर्ल या त्यांच्या डिझाइनप्रमुखाने १९३८ मध्ये ब्यूइक वाय-जॉब ही एकच गाडी बनवून घेतली, विक्रीसाठी नाही, लोकांना दाखवण्यासाठी. पुढे १९४९ पासून कंपनीची फिरती प्रदर्शनं सुरू झाली. त्यांना 'मोटोरामा' म्हणत. गावोगावच्या जत्रेसारखी गर्दी, नाचगाणी, आणि मध्यभागी फिरत्या चौथऱ्यावर अशी एखादी गाडी जी कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाही. या गाड्यांना तेव्हा ड्रीम कार म्हणायचे. स्वप्नगाडी हा शब्द मराठीत चपखल बसतो, कारण बघणारा जागा झाला की तिचं काम संपलेलं असे.

अनेक स्वप्नगाड्या म्हणजे नुसता सांपळा होता. फायबरग्लासचं कवच, आत इंजिन असलं तर असलं, ढकलत स्टेजवर आणायचं आणि ढकलत न्यायचं. फ्यूचुरा इथे वेगळी निघाली, आणि पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे: ती धावत होती.

पाकटाच्या आकाराची गाडी

डिझाइन बिल श्मिट आणि जॉन नाजर यांचं. श्मिट बहामात समुद्राखाली डुबक्या मारायला गेले होते आणि तिथे त्यांना माको शार्क आणि मांटा रे दिसले, त्यातून ही गाडी सुचली असं ते सांगत. मांटा रे म्हणजे आपल्याकडच्या पाकटाचा महाकाय भाऊबंद. डिझायनर लोक प्रेरणेच्या गोष्टी नंतर रचतात हे मान्य, पण फ्यूचुराचा फोटो समोर ठेवला तर ही गोष्ट पटते. मागचे दोन पंख बाहेरच्या बाजूला कलून पसरलेले, पुढचे दिवे खोबणीत बसलेले, वर कपाळपट्टी पुढे आलेली, आणि तोंड रुंद, किंचित उघडं. मासा पोहताना समोरून जसा दिसेल, अगदी तसं.

लांबी जवळजवळ १९ फूट, रुंदी ७ फूट, आणि उंची मात्र साडेचार फुटांहूनही कमी. बसायला जागा दोघांनाच. त्या दोघांच्या डोक्यांवर पारदर्शक प्लास्टिकचे दोन घुमट, लढाऊ विमानाच्या कॉकपिटवर असतात तसे. ऑटोमॅटिक गिअरला दांडा नव्हता, बटणं होती. डिकीच्या झाकणावर एक गोल एरियल होतं आणि त्यात मायक्रोफोन. मागून येणाऱ्या गाड्यांचे आवाज टिपून तो आत ड्रायव्हरला ऐकवायचा. काचेच्या बंद घुमटात बसलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही म्हणून बाहेरचं ऐकवणारं यंत्र बसवायचं! आधी अडचण तयार करून मग तिच्यावर उपाय शोधायचा, हा त्या दशकाचा स्वभावच होता. भर उन्हात त्या घुमटांखाली काय होत असेल याची कल्पना विदर्भातल्या वाचकाला वेगळी द्यायला नको.

रंग निळसर पांढरा, मोत्याच्या झाकेचा. ही झाक माशांच्या खवल्यांपासून मिळवलेल्या चमकीची होती. म्हणजे माशावरून सुचलेल्या गाडीला माशाचाच वर्ख.

बॉडी डेट्रॉइटमध्ये बनली नाही. ती बनली इटलीत, तुरिनच्या घिया या कारखान्यात, हाताने पत्रा ठोकून. युद्धानंतरच्या इटलीत कसबी पत्राकाम करणारे कारागीर होते आणि त्यांची मजुरी अमेरिकेच्या मानाने फारच कमी होती. क्रायसलरने १९५१ पासून आपल्या स्वप्नगाड्या घियाकडूनच करून घेतल्या होत्या, लिंकन त्याच वाटेने गेली. चासी (गाडीचा खालचा पाया) मात्र लिंकनची स्वतःची, कॉन्टिनेंटल मार्क टू या त्यांच्याच महागड्या गाडीची, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १२६ इंच. इंजिन ३६८ घनइंचांचं लिंकन व्ही-८, म्हणजे सुमारे ६ लिटर. पत्रा खरा, चासी खरी, इंजिन खरं.

अडीच लाख डॉलर कुठे गेले ते यातून कळतं. त्या वर्षी नवी कोरी लिंकन साधारण चार हजार डॉलरला मिळत होती. एका फ्यूचुराच्या पैशात साठ लिंकन दारात उभ्या राहिल्या असत्या.

वर्षभराची राणी

८ जानेवारी १९५५ ला शिकागोच्या प्रदर्शनात फ्यूचुरा लोकांपुढे आली. नंतर न्यूयॉर्कला कंपनीच्या घराण्यातले बेन्सन फोर्ड आणि बिल श्मिट स्वतः तिच्यात बसले आणि संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीपासून सेंट्रल पार्कमधल्या टॅव्हर्न ऑन द ग्रीन या रेस्तराँपर्यंत भर शहरातून ती चालवत गेले. वर्तमानपत्रांना फोटो मिळाले. रेव्हेल कंपनीने तिचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल काढलं, त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांच्या टेबलावर फ्यूचुरा पोचली. कलते पंख, कपाळपट्टीखालचे दिवे अशा तिच्या काही खुणा पुढच्या दोनेक वर्षांत रस्त्यावरच्या लिंकन गाड्यांवर दिसल्या.

इथे कंपनीच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला. स्वप्नगाडीकडून प्रसिद्धी मिळवायची असते आणि पुढच्या मॉडेलच्या रेषा लोकांना आधी दाखवून त्यांची नजर तयार करायची असते. दोन्ही झालं. खर्च प्रसिद्धीच्या खात्यात पडला. त्यानंतर ती गाडी म्हणजे मांडव उतरल्यावर उरलेलं मखर. सुंदर आहे, फेकवत नाही, आणि ठेवायचं कुठे ते कळत नाही.

त्यातून तिचा बापही घर सोडून गेला. बिल श्मिट १९५५ मध्येच फोर्डमधून स्टुडबेकर-पॅकार्डकडे गेले. तिथे त्यांनी प्रेडिक्टर नावाची स्वप्नगाडी केली, तीही घियाकडूनच. कंपनीत ज्या गाडीसाठी भांडणारा माणूस उरत नाही तिचं काय होतं, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला ठाऊक असतं.

बाकीच्यांचं काय झालं

फ्यूचुराच्या एक डॉलरला नावं ठेवण्याआधी तिच्या बरोबरीच्या गाड्यांकडे बघावं. जनरल मोटर्सने आपल्या अनेक मोटोरामा गाड्या काम झाल्यावर मोडीत काढायला सांगितल्या. रस्त्यावर चालवण्याची खात्री नसलेली वस्तू बाहेरच्याच्या हाती पडली आणि अपघात झाला, तर दावा कंपनीवर. मिशिगनमधल्या वॉरहूप्स नावाच्या भंगारवाल्याकडे अशा चार गाड्या पोचल्या आणि त्या पूर्ण नष्ट न होता तशाच आवारात पडून राहिल्या. तीसेक वर्षांनी जो बोर्ट्झ या संग्राहकाने त्या उचलल्या, तेव्हा त्यातली शेव्हरोले बिस्केन तुकडे केलेल्या अवस्थेत होती.

क्रायसलरच्या नॉर्समनचं तर विचारू नका. घियाने बनवलेली ही गाडी अमेरिकेला निघाली ती आंद्रेया दोरिया या जहाजातून, आणि जुलै १९५६ मध्ये ते जहाज टक्कर होऊन अटलांटिकमध्ये बुडालं. प्रदर्शनात एक दिवसही उभी न राहिलेली स्वप्नगाडी समुद्राच्या तळाशी गेली.

म्हणजे भंगार, विस्मरण किंवा समुद्र. या रांगेत फ्यूचुराला तिसऱ्या माणसाच्या आवारातली जागा मिळाली, हे तिचं नशीबच.

लाल रंगाचा मुक्काम

ती चालत होती म्हणून तिला आणखी एक काम मिळालं. १९५९ साली एम.जी.एम.च्या 'इट स्टार्टेड विथ अ किस' या विनोदी चित्रपटात तिला भूमिका मिळाली. नायक ग्लेन फोर्ड (आडनाव सारखं, कंपनीच्या घराण्याशी नातं काही नाही), नायिका डेबी रेनल्ड्स. मोत्याचा पांढरा रंग कॅमेऱ्यात नीट उठत नाही म्हणून गाडीला लाल रंग फासला. गोष्ट अशी की हवाई दलातल्या एका सार्जंटला सोडतीत ही भपकेबाज गाडी लागते, त्याची बदली स्पेनला होते, गाडीही तिथे पोचते आणि त्याच्या गळ्यात धोंड होऊन बसते. फुकट मिळालेली महागडी वस्तू माणसाला कशी पिळते यावर तो चित्रपट आहे. फोर्डमधल्या कुणी तो लक्ष देऊन पाहिला असेल तर त्याला हसू आलं असेल की नाही, कोण जाणे.

त्यानंतर गाडी जॉर्ज बॅरिस यांच्याकडे आली. बॅरिस म्हणजे लॉस एंजलिसचे नावाजलेले गाडी-सजावटकार. गाड्यांची छतं कापून खाली आणणं, पत्र्याला नवे आकार देणं, भडक रंग चढवणं हा धंदा, आणि गिऱ्हाइकांत हॉलिवूडचे नट. त्यांच्या वर्कशॉपच्या आवारात फ्यूचुरा बराच काळ नुसती उभी राहिली. पुढे कंपनीने तिची मालकी कागदोपत्री बॅरिसना दिली: 'एक डॉलर आणि इतर मोबदला'.

या एक डॉलरवर थोडं थांबू. करार कायदेशीर व्हायला मोबदला लागतो, तो नाममात्र असला तरी चालतो. आपल्याकडे सरकार एखाद्या संस्थेला वर्षाला एक रुपया भाड्याने जमीन देतं, त्यातला प्रकार. म्हणून हा डॉलर गाडीची किंमत म्हणून वाचू नये, तो फक्त सहीची जागा भरतो. तेव्हाच्या दराने पावणेपाच रुपये. फोर्डने त्यात विकलं काय? जागा अडवणं, देखभाल, आणि उद्या कोणी अपघात केला तर येणारी नोटीस. बॅरिसनी घेतलं ते हेच ओझं. तेव्हा तरी.

तीन आठवडे

१९६५ मध्ये ए.बी.सी. वाहिनीसाठी 'बॅटमॅन' मालिकेची तयारी सुरू झाली आणि नायकाला गाडी हवी होती. काम आधी गेलं डीन जेफ्रीस या दुसऱ्या सजावटकाराकडे. त्यांनी १९५९ ची कॅडिलॅक घेऊन सुरुवातही केली. मग प्रक्षेपणाची तारीख अलीकडे आली, तेवढ्या वेळात गाडी होणार नाही म्हणून जेफ्रीस बाजूला झाले आणि निर्माते बॅरिसकडे आले. हातात वेळ सुमारे तीन आठवडे.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त रस इथे आहे. तीन आठवड्यांत शून्यातून गाडी होत नाही. पण जिला आधीच पंख आहेत, दोन घुमट आहेत, कपाळपट्टी आहे, जी अर्धी वटवाघळासारखीच दिसते आणि शिवाय स्वतःच्या इंजिनावर चालते, अशी गाडी दाराशी उभी असेल तर होते. बॅरिसच्या कल्पकतेला मी कमी लेखत नाही. पण खरं बळ होतं ते आवारात दहा वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी पूर्ण झालेलं काम पडून असण्याचं. श्मिट, नाजर आणि तुरिनचे ते पत्रेवाले यांनी निम्म्याहून अधिक बॅटमोबाइल, म्हणजे बॅटमॅनची गाडी, १९५५ मध्येच बनवून ठेवली होती, फक्त ती कशासाठी हे त्यांना माहीत नव्हतं.

पत्र्याचं काम बॅरिसनी बिल कुशेनबेरी यांना दिलं. नाकाला वटवाघळाच्या चेहऱ्याचा आकार आला, मागचे पंख दारांपर्यंत पुढे ओढून त्यांच्या कडा कातरल्या, चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या, घुमटांचा मधला वरचा भाग उघडा केला म्हणजे नायकाला उडी मारून आत बसता येईल. मागे रॉकेटसारखी नळी, दोन पॅराशूट. मग चकचकीत काळा रंग आणि कडांना लालसर झगमगती रेघ. खर्च साधारण ३० हजार डॉलर सांगतात. १२ जानेवारी १९६६ ला मालिका सुरू झाली आणि आठवड्याभरात ती गाडी अमेरिकेत ओळखीची झाली.

पडद्यावर ती जितकी दणकट दिसते तितकी नव्हती. वजन अडीच टनांच्या घरात, इंजिन तापायचं, बॅटऱ्या उतरायच्या, टायर फुटायचे. शेवटी मालिका चालू असतानाच तिच्यात फोर्ड गॅलक्सीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवावा लागला. फ्यूचुराचं मूळ इंजिन तिथे संपलं.

भाडेपट्टी

आणि आता तो मुद्दा ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं.

बॅरिसनी गाडी स्टुडिओला विकली नाही. भाड्याने दिली. मालकी स्वतःकडे. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्या रूपाचं डिझाइन-पेटंटही आपल्या नावावर घेतलं. स्टुडिओला यात वावगं वाटायचं कारण नव्हतं: मालिका किती दिवस चालेल देव जाणे, मग अडीच टनांची गाडी कायमची कशाला पोसायची? म्हणजे आधी फोर्डने जे कारण देऊन मालकी सोडली, जवळपास त्याच कारणाने स्टुडिओने ती घेतली नाही. दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच वस्तूकडे पाहून 'हे सांभाळायचं कोण' म्हटलं, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच माणूस होता.

मालिका १९६८ च्या मार्चमध्ये १२० भागांनंतर बंद पडली. स्टुडिओकडे चित्रफिती राहिल्या, बॅरिसकडे गाडी. तिच्यावरून साचा काढून त्यांनी फायबरग्लासच्या प्रतीही केल्या होत्या, गाड्यांच्या प्रदर्शनांतून फिरवायला. या प्रती गॅलक्सीच्या चासीवर बसवल्या आणि त्यासाठी ती चासी लांबवावी लागली, कारण साचा ज्या गाडीचा होता तिची मापं फ्यूचुराची होती. मूळ गाडी मात्र बॅरिसनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं सोडली नाही. २०१३ मध्ये ती बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात आली. हातोडा पडला ४२ लाखांवर, लिलावाचं शुल्क धरून ४६ लाख २०. फिनिक्सचे उद्योजक रिक शॅम्पेन यांनी ती घेतली. बॅरिस २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये वारले.

तेव्हा फोर्डने चूक केली का? लोक हा प्रश्न विचारतात आणि मग स्वतःच्या घरातल्या, भंगारवाल्याला दिलेल्या कुठल्यातरी वस्तूची आठवण काढून हळहळतात. पण फोर्डने फ्यूचुरा ठेवून घेतली असती तर आज ती संग्रहालयात मोत्यासारखी चमकत उभी असती आणि तिला पाहायला माझ्यासारखे गाडीवेडे गेले असते. चांगली किंमत आली असती. पण ४६ लाखांची ती गाडी झालीच नसती, कारण ती किंमत काळ्या रंगाची आहे, आणि काळा रंग चढायला आधी पांढरी फ्यूचुरा जावी लागली. फोर्डची चूक धरायचीच तर ती वेगळी: करारात एक ओळ घालून आकाराचे हक्क राखता आले असते. स्वतःच्या डिझायनरांनी घडवलेल्या पंखांचं पेटंट पुढे दुसऱ्याने घ्यावं, हे मात्र मला अजून खटकतं.

मूळ रूपातली फ्यूचुरा आता फोटोंत आणि रेव्हेलच्या जुन्या मॉडेलांत आहे. काहींनी हौसेने तिच्या पांढऱ्या प्रतिकृती बनवल्या. खरा पत्रा, तुरिनमध्ये ठोकलेला, त्या काळ्या रंगाखाली आहे आणि कुणी ठरवलं तर रंग खरवडून, नाक सरळ करून, पंखांच्या कातरलेल्या कडा भरून निदान आकार तरी परत आणता येईल. पण ते करणाऱ्याला आधी जगातली एकमेव मूळ बॅटमोबाइल मोडावी लागेल.